पाण्यातून आलेली गाडी आणि बॅटरीचा लाल दिवा

गुडघाभर पाण्यातून गाडी निघाली, इंजिन बंद पडलं नाही, घरी आली, दुसऱ्या दिवशी ऑफिसलाही गेली. मग कधी चार दिवसांनी, कधी पंधरवड्याने डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, नाहीतर सकाळी सेल्फ मारल्यावर नुसताच 'टक' असा आवाज येतो. पावसाळ्यातली ही नेहमीची तक्रार. तिच्याभोवतीचा वादही नेहमीचाच. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, कार्बन आणि डायोड प्लेट बदलतो, गाडी घेऊन जा. कंपनीच्या वर्कशॉपात म्हणतात, अख्खा अल्टरनेटर बदलावा लागेल. विम्याचा सर्व्हेअर म्हणतो, हा पुराचा दोष नव्हे, वापराचा आहे. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकणं हा याहून महागडा आणि वेगळा विषय आहे; त्याच्यावर पुष्कळ बोललं जातं. इथे फक्त चार्जिंगच्या बिघाडाचा विचार करायचा आहे, कारण त्याबाबत गोंधळ जास्त आणि मोजमाप कमी आहे.

प्रश्न मोठा कसा झाला

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवर हजारो गाड्या जिथल्या तिथे बुडाल्या. बुडालेल्या गाड्यांचं काय करायचं, हा प्रश्न गॅरेजांसमोर आणि विमा कंपन्यांसमोर एवढ्या मोठ्या प्रमाणावर तेव्हा आला. पुढे २०१५ मध्ये चेन्नई, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड, २०२३ च्या सप्टेंबरात नागपूर, २०२४ च्या जुलैत पुण्यातलं सिंहगड रस्त्यावरचं एकतानगर. पूर येत गेले आणि त्याच काळात गाड्याही बदलत गेल्या. हा दुसरा बदल सहसा हिशेबात घेतला जात नाही.

जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर पाण्यात बंद पडायची ती बहुधा डिस्ट्रिब्युटर ओला झाल्याने. कॅप काढून फडक्याने पुसली की गाडी चालू. डिझेलची जीप तर एकदा चालू झाली की बॅटरीवाचूनही चालत राही, कारण तिचा पंप यांत्रिक होता. चार्जिंग बंद पडलं तरी उतारावर गाडी लावायची, धक्का मारायचा आणि आठवडा काढायचा, असं चालून जाई. आजच्या गाडीत पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू, स्टिअरिंगची मोटर या सगळ्यांना सतत वीज लागते. चार्जिंग थांबलं की गाडी बॅटरीवर साधारण अर्धा-पाऊण तास चालते. रात्र असेल, वायपर आणि दिवे चालू असतील तर त्याहून कमी. म्हणजे पूर्वी जी गैरसोय होती, ती आता घाटात मध्येच गाडी बंद पडण्याइतकी गंभीर गोष्ट झाली आहे.

पाणी नेमकं काय करतं

अल्टरनेटर हे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारं छोटं वीजघर. आतल्या रोटरला दोन कार्बन ब्रशमधून थोडा प्रवाह मिळतो, भोवतालच्या स्टेटरमध्ये त्रिकला प्रत्यावर्ती वीज तयार होते, डायोड प्लेट तिला एकदिश करते आणि रेग्युलेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही 'कटआउट' म्हणतात, व्होल्टेज आवरून धरतो. हे यंत्र चांगलंच तापतं, म्हणून त्याला वारा लागतो. वारा लागतो म्हणून ते बंद डब्यात ठेवता येत नाही. पुष्कळ गाड्यांत ते इंजिनच्या पुढच्या बाजूला खालच्या अंगाला असतं. त्यामुळे चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलं की पंखा ते पाणी आत ओढतो.

बिघाड तीन वेगवेगळ्या वेगांनी येतो. पहिला काही मिनिटांत: पट्टा भिजतो, पुलीवर घसरतो, चीं-चीं आवाज येतो, दिवा लुकलुकतो. पट्टा वाळला की सगळं पूर्ववत. अशा वेळी घाबरून अल्टरनेटर बदलणारे लोक मी पाहिले आहेत. पट्ट्याच्या खाचांत वाळू अडकली तर मात्र आवाज राहतो आणि ताण देणाऱ्या पुलीचं बेअरिंगही हळूहळू जातं.

दुसरा बिघाड काही तासांत किंवा दिवसांत दिसतो. चिखलाने कार्बन आपल्या खाचेत अडकतो, स्लिप रिंगला टेकत नाही, रोटरला प्रवाह मिळत नाही आणि वीज बनायची थांबते. डायोड प्लेटवर ओल्या गाळाचा थर बसला तर प्रवाह नको त्या वाटेने झिरपतो. एखादाच डायोड गेला तर अल्टरनेटर अर्धवट काम करत राहतो. दिवा लागत नाही, पण तोच डायोड रात्रभर बॅटरी उलट्या दिशेने रिकामी करतो. तापलेला अल्टरनेटर थंड पाण्यात बुडाला तर बेअरिंगमधली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत शिरतं. ते बेअरिंग महिन्याभराने घरघरायला लागतं.

तिसरा आणि सगळ्यांत फसवा बिघाड आठवड्यांनी येतो. अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर बॅटरीचे बारा व्होल्ट कायम असतात, किल्ली काढून घेतली तरी. पाण्याचं विद्युत विघटन व्हायला सुमारे सव्वा व्होल्ट पुरतो. म्हणजे बॅटरी जोडलेली गाडी पाण्यात उभी असेल तर त्या टर्मिनलवर, फ्यूज बॉक्समध्ये, प्रत्येक जिवंत जोडावर तांबं झिजत राहतं. म्हणूनच दहा मिनिटं पाण्यातून चालत गेलेल्या गाडीपेक्षा पार्किंगमध्ये दोन दिवस बुडून राहिलेल्या गाडीचं नुकसान जास्त होतं, जरी तिचं इंजिन कुणी चालूच केलेलं नसलं तरी. पाणी ओसरल्यावरही काम थांबत नाही. वायरच्या आतल्या बारीक तारांमधून ओल केशाकर्षणाने फूटभर पुढे सरकते आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या कनेक्टरमध्ये पोचते. तिथे पितळी भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक धरतो.

हा कळंक दिसायला किरकोळ, परिणामाने मोठा. चार्जिंगच्या वाटेत कुठे एक दशांश ओहमचा रोध तयार झाला, तर पन्नास अँपिअर प्रवाह जायला तिथेच पाच व्होल्ट खर्ची पडतील. व्यवहारात मग तेवढा प्रवाह जातच नाही. अल्टरनेटरच्या तोंडाशी मीटर लावला तर चौदा व्होल्ट दाखवतो, बॅटरीपाशी मात्र तेरासुद्धा भरत नाहीत. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी या बाबतीत सगळ्यांत दुर्लक्षित. ती खाली, चिखलाच्या वाटेवर असते आणि बिलात तिचं नाव क्वचितच येतं.

पाण्याची जातही महत्त्वाची. भरतीच्या वेळी मुंबईत तुंबणाऱ्या पाण्यात खाडीचं खारं पाणी मिसळलेलं असू शकतं. समुद्राचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा शंभरपटीहून अधिक वीजवाहक असतं आणि वाळल्यावर मागे राहिलेलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. पंचगंगेचं पाणी गोडं, पण कोल्हापुरात २०१९ साली ते कित्येक दिवस उभं होतं आणि गाळ ठेवून गेलं. चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी आलं तेही चिखल घेऊन. मुंबईच्या गाडीचा अनुभव कोल्हापूरच्या गाडीला जसाच्या तसा लावणं म्हणूनच चुकीचं ठरतं. दोन मेकॅनिक आपापल्या अनुभवावर ठाम असूनही दोघंही बरोबर असू शकतात.

कोण काय म्हणतं

पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजाराभोवती वाढलेल्या इलेक्ट्रिशियन मंडळींची भूमिका अशी: अल्टरनेटर हे साधं यंत्र आहे. तांब्याच्या गुंडाळीवर वार्निश असतं, ती चार तास पाण्यात राहिल्याने जळत नाही. खोला, स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, नीट वाळवा, कार्बन, बेअरिंग आणि गरज असेल तर डायोड प्लेट, कटआउट बदला. खर्च नव्या अल्टरनेटरच्या तुलनेत थोडाच. पाण्याने भिजलेली वस्तू पुन्हा पाण्याने धुणं विचित्र वाटतं खरं, पण गाळ आणि मीठ काढायला दुसरा सरळ मार्ग नाही. या भूमिकेतला कच्चा दुवा आहे वाळवण्याचा. जुलैच्या ढगाळ हवेत गुंडाळीच्या आतली ओल दोन तासांत जात नाही. त्याला भट्टीची किंवा दीर्घकाळ गरम हवेची जोड लागते. ती सगळीकडे असते असं नाही. शिवाय घातलेल्या सुट्या भागांचा दर्जा हा वेगळा प्रश्न.

कंपनीचं वर्कशॉप अख्खा अल्टरनेटर बदलायला सांगतं. त्यात नफ्याचा भाग आहे हे उघड आहे, पण तेवढंच कारण नाही. अनेक कंपन्या अल्टरनेटरचे आतले भाग वर्कशॉपला सुटे पुरवत नाहीत. दुरुस्त केलेल्या भागाची हमी वर्कशॉपला द्यावी लागते, आणि पाणी प्यायलेलं बेअरिंग सहा महिन्यांनी बोललं तर ग्राहक त्यांच्याकडेच येणार. दोष आत लपून राहू शकतो, हे त्यांचं म्हणणं वर सांगितलेल्या तिसऱ्या बिघाडाला धरूनच आहे. मात्र हाच युक्तिवाद पुढे नेला तर वायरिंग आणि अर्थिंगही तपासायला हवं. ते न करता कळंकलेल्या केबलवर नवा अल्टरनेटर बसवला की महिन्याभरात तोच दिवा पुन्हा लागतो आणि नव्या भागाला नावं ठेवली जातात.

तिसरा पक्ष विम्याचा. भारतातल्या प्रचलित मोटर पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी ज्या आपत्ती धरल्या आहेत, त्यांत पूर स्पष्टपणे आहे. त्याच पॉलिसीत झीज, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि परिणामी होणारं नुकसान वगळलेलंही आहे. अल्टरनेटर या दोन कलमांच्या बरोबर मधे पडतो. पाण्यातच बंद पडला तर तो पुराचा बळी. वीस दिवसांनी पडला तर? ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे कार्बन तसेही झिजलेले असतात. सर्व्हेअरने कारण विचारणं गैर नाही, तो त्याच्या कामाचा भाग आहे. मालकाची अडचण ही की कारण सिद्ध करायला लागणारा पुरावा पाणी ओसरल्यावर पहिल्या दोन दिवसांतच मिळतो, आणि तेव्हा गाडी चालू असल्याने कुणी तो गोळाच केलेला नसतो. यात भर घसाऱ्याची: बॅटरी, रबर, प्लास्टिक या भागांवर पन्नास टक्के घसारा धरला जातो, झिरो डेप्रिसिएशनची जोड घेतली नसेल तर. 'इंजिन प्रोटेक्ट' नावाने विकली जाणारी जोड अल्टरनेटरपर्यंत पोचते की नाही, हे त्या त्या पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. हे शब्द वाचायचे असतात पावसाळ्याआधी, आणि आपण वाचतो पावसाळ्यानंतर.

गाड्या बनवणारे या वादात थोडे लांबच राहतात. महिंद्राच्या २०२० च्या थारसाठी पाण्यातून जाण्याची खोली ६५० मिलिमीटर सांगितली गेली, लँड रोव्हर डिफेंडरसाठी ९००. हे आकडे संथ पाणी आणि संथ वेग धरून असतात. शेजारून एसटी गेली की तिच्या लाटेने पाणी क्षणात वीतभर चढतं, हे त्यात नाही. साध्या हॅचबॅकला तर असा आकडा बहुधा नसतोच. साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका, एवढा इशारा पुस्तिकेत असतो. सबवेत अडकलेल्याला त्याचा उपयोग नाही.

तपासायचं कसं

इथे जुन्या आणि नव्या पद्धतींत खरा फरक आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर ठीक, ही जुनी परीक्षा अजून काही ठिकाणी घेतली जाते. आजच्या गाडीत ती घेऊ देऊ नका. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेजचा झटका बसतो आणि तीनशे रुपयांच्या कार्बनचा शोध ईसीयूच्या बिलावर जाऊन थांबतो.

सगळ्या पक्षांना मान्य असलेली परीक्षा साध्या मल्टिमीटरची आहे. पूर्ण चार्ज बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर, दिवे आणि ब्लोअर लावून, साधारण १३.८ ते १४.५ हवेत. कमी असतील तर मीटरची एक काडी अल्टरनेटरच्या टर्मिनलला आणि दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलला लावायची: या दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक म्हणजे दोष वाटेत आहे. तेच ऋण बाजूला, अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं ऋण टर्मिनल यांच्यात. तिथे तर पाव व्होल्टही जास्तच. मीटर एसीवर ठेवून बॅटरीपाशी अर्ध्या व्होल्टाच्या वर तरंग दिसले तर डायोडवर संशय. ही सगळी तपासणी पंधरा-वीस मिनिटांची आहे. माझ्या मते या वादातला निम्मा भाग केवळ ही वीस मिनिटं न दिल्यामुळे उभा राहतो.

उरलेला भाग नव्या तंत्रज्ञानाचा. अनेक नव्या गाड्यांत व्होल्टेज किती ठेवायचं हे ईसीयू ठरवतो. बॅटरी भरलेली असेल तर तो मुद्दाम साडेबारा-तेरावर उतरवतो, ब्रेक लावताना वाढवतो. अशा गाडीत १२.८ हा आकडा दोष नसूनही दोषासारखा दिसतो. उलट बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरचा छोटा सेन्सर पाण्याने बिघडला तर ठणठणीत अल्टरनेटरही चुकीच्या हुकमावर चालतो. मारुतीने २०१५ मध्ये सियाझपासून आणलेल्या एसएचव्हीएस पद्धतीत पट्ट्यावरचं एकच यंत्र वीजही बनवतं आणि इंजिनला मदतही करतं, म्हणजे पट्टा आणि ते यंत्र भिजलं की परिणाम दोन्हीकडे. इथे स्कॅनर लागतो, आणि तो तालुक्याच्या गावात प्रत्येकाकडे नाही.

दुचाकीत मामला सोपा. मॅग्नेटची कॉईल आणि आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट एवढंच. आरआर युनिट सहसा रेझिनने बंदिस्त असतं. बिघडतो तो त्याचा कनेक्टर. तो सोडवून साफ करणं हे पहिलं काम, युनिट बदलणं नंतरचं.

प्रथमोपचारांवरचे मतभेद

गाडी पाण्यात उभी असेल तर बॅटरी सोडवावी, ऋण टर्मिनल आधी, यावर एकमत आहे. बाहेर निघालेल्या गाडीबद्दल नाही. काही जण इंजिन तासभर चालू ठेवायला सांगतात, अल्टरनेटर आपल्याच उष्णतेने वाळेल म्हणून. काही जण म्हणतात, ओल्या डायोडमधून जोराचा प्रवाह काढणं हेच त्यांना मारतं. पट्ट्यावर पाणी उडण्याइतकाच प्रसंग असेल तर पहिला सल्ला चालतो. अल्टरनेटर बुडाला असेल तर दुसरा अधिक सुरक्षित वाटतो.

फवाऱ्यांचंही तसंच. पाणी हटवणारं तेलकट द्रव्य बोल्टवर आणि बाहेरच्या टर्मिनलवर उपयोगी, पण कार्बन आणि स्लिप रिंगवर त्याची साय धूळ धरते. तिथे उडून जाणारा कॉन्टॅक्ट क्लीनरच हवा. प्रेशर वॉशरने बॉनेटखाली धुऊ नये.

वीजगाड्यांमुळे पडलेली भर

इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नाही, म्हणून हा प्रश्न संपला असं वाटू शकतं. पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी तिथेही असते आणि तिला मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर चार्ज करतो. मोठ्या बॅटरीचा डबा आयपी६७ दर्जाचा असू शकतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी स्वच्छ पाण्यात होते. चार वर्षं खड्ड्यांतून फिरलेल्या डब्याचं सील तसंच असेल याची हमी तीत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात न्यू जर्सीच्या बंदरावर फिस्कर कंपनीच्या सोळा कार्मा गाड्या जळाल्या. समुद्राच्या पाण्याने कमी व्होल्टेजच्या कंट्रोल युनिटमध्ये शॉर्ट सर्किट झालं, असं कंपनीने नंतर सांगितलं. २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात भिजलेल्या काही वीजगाड्या दिवसांनी पेटल्या. सुप्त बिघाडाचा मुद्दा इथे खर्चापुरता राहत नाही, तो सुरक्षिततेचा होतो.

काय सुटलेलं नाही

तीन प्रश्न मोकळे आहेत. पहिला, उशिरा येणाऱ्या बिघाडाची मुदत किती धरायची: पंधरा दिवस, तीन महिने, एक पावसाळा? पाण्याची जात आणि बुडण्याचा काळ यांवर उत्तर बदलतं आणि कोणतीही एक मुदत कुणावर तरी अन्याय करते. दुसरा, दुरुस्ती पुरेशी कधी आणि बदल अटळ कधी, याचा सर्वमान्य मापदंड गॅरेज, वर्कशॉप आणि सर्व्हेअर या तिघांमध्ये नाही. तिसरा जुन्या गाड्यांच्या बाजाराचा. अमेरिकेत अनेक राज्यांत पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का पडतो. आपल्याकडे आरसीवर अशी नोंद होत नाही, त्यामुळे बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात सहज विकली जाते आणि कळंक नव्या मालकाच्या वाट्याला येतो.

यातलं काहीही या पावसाळ्यात सुटणार नाही. गाडीमालकाच्या हातात एक गोष्ट मात्र आहे. गाडी पाण्यात गेली असेल तर ती चालू असली तरी विमा कंपनीला लगेच कळवा, दारावरची आणि बॉनेटखालची चिखलाची रेघ दिसेल असे फोटो काढा, आणि सर्व्हेअरच्या पहिल्याच अहवालात अल्टरनेटर, अर्थिंगची पट्टी आणि वायरिंग यांची नोंद करून घ्या, सोबत त्या दिवशीचे व्होल्टेजचे आकडे. महिन्याभराने दिवा लागला तर बोलायला हातात कागद असेल.